टकळीवर जवसाचं सूत: या महिन्याची प्रगती

जवसाच्या सुतात आता खरी सुधारणा दिसायला लागली आहे. कारणं दोन: काठी आणि पाणी.

आपल्यापैकी बहुतेकांचा हात कापसाच्या पेळूवर, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीवर, बसलेला. कापसाचा तंतू जेमतेम ३ सेंमीचा, त्यामुळे पेळू चिमटीत धरून मागे ओढला की सूत निघत जातं. जवसाचा विंचरलेला वाख (देठातून काढलेले तंतू) मात्र ५० ते ९० सेंमी लांब असतो. जुडी मुठीत आवळली की एकच तंतू दोन्ही हातांत सापडतो, मग कितीही ओढा, सरकत नाही. म्हणून जुडी हातात धरायचीच नाही. मी ती टेबलावर पंख्यासारखी पातळ पसरते, उभ्या काठीभोवती सैल गुंडाळते आणि वरून फीत बांधते. खालच्या टोकाचे चार-सहा तंतू बोटांनी उतरवले की पुढचे त्यांच्यामागे आपोआप येतात.

पाण्याची वाटी शेजारी हवीच. हा लांब तंतू म्हणजे सुमारे ३ सेंमीच्या पेशी पेक्टिन या नैसर्गिक चिकट पदार्थाने एकमेकींना चिकटून झालेला. ओलं बोट फिरलं की पेक्टिन मऊ होतं, बाहेर आलेली कुसळं सुतात बसतात आणि सुकल्यावर तिथेच राहतात. कोरडं कातलेलं सूत सुतळीकडे झुकतं. ओल्या बोटांच्या सुताला काय सुंदर चमक येते! फक्त पीळ जिथे चढतो तिथेच पाणी लावायचं. वर जुडी भिजली तर वाख चिकटून बसतो.

पिळाची दिशाही मी बदलली. जवसाचा तंतू सुकताना स्वतःहून एस पिळाच्या (ज्याचा तिरपेपणा इंग्रजी S च्या मधल्या रेषेसारखा दिसतो) बाजूला वळतो, म्हणून टकळी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवते. प्राचीन इजिप्तमधलं लिनन, म्हणजे जवसाचं कापड, याच पिळाचं आहे. आपलं कापसाचं सूत बहुतेक झेड पिळाचं, म्हणजे उलट दिशेचं, त्यामुळे बोटांना सवय व्हायला वेळ लागतो.

टकळी लाकडी, लटकती, साधारण ३० ग्रॅमची. जवसाचं सूत ताणलं तरी फारसं लांबत नाही, त्यामुळे जाड-बारीक जागा नंतर सारख्या करता येत नाहीत. जे करायचं ते कातताना. विंचरताना निघालेलं गुंतवळ टाकू नका, त्याचं जाड सूत पिशव्यांना छान.

पहिली लड चार ठिकाणी सैल बांधून धुण्याच्या सोड्यात मंद उकळली. पाणी तपकिरी झालं, सूत उजळलं आणि बरंच मऊ पडलं. वजन टांगून सुकवलं, म्हणजे पीळ आखडत नाही.

आता उत्सुकता विदर्भातल्या जवसाची. ते तेलाच्या जातीचं, बुटकं आणि फांद्यांचं, त्यामुळे वाख आखूड निघेल असा माझा अंदाज आहे. मळणीनंतरची काडं अंबाडीसारखी कुजवून कुणी वाख काढला असेल, तर तो किती लांब निघाला आणि पाण्यात किती दिवस ठेवला, ते जरूर कळवा.