पेम्ब्रोकचे चुनखडी कडे: आधी पक्षी, मग तोफा, मग भरती

मे अखेरीस दोन दिवस वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला, सेंट गोवन्स हेडच्या परिसरात चढाई झाली. लंडनहून गाडीने सुमारे ४०० किलोमीटर. बॉशर्स्टन गावातून अरुंद रस्ता थेट कड्याच्या माथ्याजवळ नेतो. हा भाग कॅसलमार्टिनच्या लष्करी सरावक्षेत्रात येतो, त्यामुळे गोळीबार चालू असला की लाल झेंडा वर आणि रस्ता बंद. शनिवार-रविवार बहुधा मोकळे मिळतात, तरी वेळापत्रक पाहूनच निघा. पश्चिमेकडच्या रेंज वेस्टमध्ये लष्कराच्या माहिती-बैठकीला हजेरी लावल्याशिवाय चढता येत नाही.

तारखा ठरवताना मात्र पहिला मान पक्ष्यांचा. झेंडा संध्याकाळी उतरू शकतो, भरती सहा तासांत ओसरते. पक्ष्यांच्या विणीसाठी चढाईवर घातलेली बंदी साधारण १ मार्च ते ३१ जुलै, काही कड्यांवर ऑगस्टपर्यंत असते. ती कड्यागणिक वेगळी: एक बंद, शेजारचा खुला. पिल्लं लवकर उडाली तर लवकर उठते, नवं घरटं दिसलं तर नव्याने लागते. म्हणून छापील मार्गदर्शिकेतल्या तारखांवर विसंबू नका. ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिलच्या यादीत त्या कड्याचं नाव आदल्या रात्री शोधा. बहिरी ससाणा आणि चफ (लाल चोचीचा कावळा) यांना घरट्यावर त्रास देणं हा १९८१च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

गिलेमॉट हा समुद्रपक्षी घरटं बांधतच नाही. उघड्या खडकावर एकच अंडं घालतो. चढणारा अचानक समोर आला की पक्षी दचकून उडतो आणि अंडं गडगडतं, किंवा टपलेला सीगल ते पळवतो. त्या जोडीचा हंगाम तिथेच बुडू शकतो. सह्याद्रीत आग्या मोहोळ पाहून वाट बदलणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता दोर. कडे ४० मीटरच्या आसपास, बोल्ट (खडकात कायमचे बसवलेले खिळे) नाहीत. ५० मीटरचे दोन हाफ रोप (जोडीने वापरायचे बारीक दोर) आणि रॅपलिंगसाठी, म्हणजे माथ्यावरून पायथ्याशी उतरण्यासाठी, वेगळा, कमी ताणाचा दोर घ्या. माथ्यावर लोखंडी खुंट ठोकलेले आहेत. खारी हवा त्यांना जमिनीलगत खाते, म्हणून तिथेच हलवून बघा. दोर खुंटाच्या अगदी बुडाशी बांधा आणि दुसऱ्या खुंटाला जोडा. कडेवर दोराखाली जाड कापड, खालच्या टोकाला गाठ. भेगांत नट (अडकवायचे धातूचे तुकडे) छान बसतात. जुन्या गंजक्या पिटॉनवर (भेगेत ठोकलेल्या खिळ्यावर) भरवसा नको. सकाळी खडक मिठाने चिकट असतो, ऊन-वारा लागला की सुधारतो.

जवळच्या मिलफर्ड हेवन बंदराचा भरतीचा तक्ता जीएमटीमध्ये (ग्रीनिच वेळेत) असेल तर उन्हाळ्यात एक तास मिळवा. इथे गफलत हमखास होते. उधाणाला पाणी सहा मीटरांहून जास्त चढतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने: तासाला दीड मीटर. पायथ्याचा खडक बघता बघता बुडतो.

त्यामुळे रॅपलिंगचा दोर वर ओढू नका, मार्ग संपेपर्यंत लटकता ठेवा. पाणी चढलं तर प्रुसिक (दोराला घट्ट धरणारी दोरीची गाठ) लावून त्याच्यावरून निघता येतं. वर ससाणा ‘कॅक-कॅक-कॅक’ ओरडत घिरट्या घालू लागला तरीही तिथूनच माघार घ्या, आणि जागा कौन्सिलच्या स्थानिक प्रतिनिधीला कळवा.