कणकेचा गोळा

रविवारी संध्याकाळी तलावपाळीवरून घरी परतलो की लेकाचं पोट दुखायला लागायचं. सोमवारी सकाळी बूट घालताना ओकारी. तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. तिसरीतल्या मुलाच्या डायरीत एकच शेरा: जागेवर बसत नाही, लिखाण अपूर्ण. पेन्सिल इतकी दाबून लिहायचा की अक्षरं पानामागे हाताला लागायची. एकदा 'क्ष' खोडून खोडून पानाला भोक पडलं आणि मी त्याच्यावर ओरडले. ते आठवलं की अजून आत तुटतं.

डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष टिकत नाही, सारखी चुळबुळ होते ती अवस्था) आणि चिंता, दोन्ही सांगितलं. समुपदेशन आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू करा म्हणाले. 'ऑक्युपेशनल म्हणजे कामधंद्याचं ना? लेकराला कशाला?' सासूबाईंनी थेरपिस्टताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, 'आजी, खेळणं, लिहिणं, डबा खाणं हाच त्याचा कामधंदा. हे शास्त्र आपल्याकडे १९५० पासून शिकवतात, केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं.' मग सासूबाई दर शनिवारी नौपाड्यातून आमच्याबरोबर चालत यायला लागल्या.

पहिल्या दिवशी ताईंनी वही उघडलीच नाही. त्याला झोक्यावर पालथं झोपवलं, भिंत ढकलायला लावली, वाळूच्या पिशव्या उचलायला दिल्या. किती जोर लावायचा याची खबर स्नायू आणि सांध्यांकडून मेंदूला जाते, ती याला कमी पडते, म्हणून पेन्सिल दाबतो, म्हणून सारखा हलतो, असं त्यांनी समजावलं. असं जोराचं काम केल्यावर बरीच मुलं निवतात. सगळीच नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

घरी काय करू? 'कणीक मळता ना रोज?'

आता अभ्यासाआधी परात त्याच्यापुढे. आधी पीठ बोटांना चिकटतं, तो वैतागतो. मग मुठी वळतात, खांद्यातून जोर येतो. दहा मिनिटांनी श्वास संथ होतो, ते मला ओट्यापाशी उभ्या उभ्या ऐकू येतं. त्याच्या बाईही मनाने मोठ्या, दुसऱ्या तासानंतर वह्यांचा गठ्ठा त्यालाच उचलायला देतात.

अक्षर अजून वेडंवाकडंच आहे. सोमवार अजून जड जातात. परवा सव्वासहाला ओठ पांढरे करून स्वयंपाकघरात आला. 'आई, कणीक आहे का मळायची?' डब्याच्या पोळ्या होऊन गेल्या होत्या. मी परात पुन्हा काढली आणि दोन वाट्या पीठ घेतलं.