मीटर शून्यावर, गाडी ऐंशीवर

आधी वेगाच्या मीटरचा काटा थरथरायचा, मग सरळ शून्यावर. सिग्नलला न्यूट्रल करून गाडी सोडली की इंजिन गचकन बंद. गाडी जुनी, दोन दारांची, मागच्या चाकांना ताकद देणारी. संभाजीनगरातल्या एका गॅरेजनं ‘पूर्ण मीटर बदला’ म्हणून टाकलं. आमच्या गल्लीतले वायरिंगवाले चाचा मात्र म्हणाले, “पहले करंट देखो मियाँ.”

स्पीड सेन्सर गिअरबॉक्सच्या शेपटाला असतो. त्याच्या टोकाचं प्लास्टिकचं चक्र आतल्या शाफ्टवर फिरतं आणि मीटरला, ईसीएमलाही (इंजिन सांभाळणारा संगणक), वेग कळतो. मागची बाजू जॅकनं उचलून स्टँडवर ठेवली. चाक फिरवायचं म्हणजे हँडब्रेक सोडावाच लागतो, आणि तो मागच्याच चाकांना. तेव्हा गाडीचा सगळा भरवसा पुढच्या चाकांच्या दगडांवर. ते दोन्ही बाजूंनी ठोकून बसवले. मागून उचलल्यामुळे ऑइल पुढे सरकतं, सेन्सर काढताना फारसं सांडत नाही.

कनेक्टरवर काळ्या मातीचा थर असा चिकटलेला, की क्लिपच दिसेना. ब्रशनं साफ केला. उन्हानं अन् इंजिनाच्या उष्णतेनं प्लास्टिक ठिसूळ होतं, ओढाताण केली की क्लिप हातात येते. इग्निशन चालू करून मल्टिमीटर लावला: बारा व्होल्ट येतात, अर्थिंग ठीक. मित्रानं चाक हळूहळू फिरवलं, तरी सिग्नलच्या वायरीवर आकडा हलेना. म्हणजे एक तर चक्र झिजलेलं, नाहीतर सेन्सर मेलेला.

सेन्सरला दहाच्या पान्याचा एकच बोल्ट. पण ओ-रिंग, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, दगड झालेली. पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी डावं-उजवं पिळत काढला. स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नये, अॅल्युमिनियमला खाच पडली की ऑइल झिरपणार. चक्राचे दात शाबूत होते. बाहेर काढून, कनेक्टर लावून हातानं फिरवला, तरी ढिम्म. आता पैसे खर्चायला हरकत नव्हती.

जुनं चक्रच नव्या सेन्सरला चढवलं. दातांची संख्या बदलली तर मीटर खोटं बोलतं. नवी ओ-रिंग गिअर ऑइलात बुडवून सेन्सर हातानंच दाबला, बोल्ट बेतानं आवळला. गाडी सपाट जमिनीवर आणून गिअरबॉक्सच्या फिलर होलच्या (ऑइल भरायच्या भोकाच्या) कडेपर्यंत ऑइल भरलं. दुकानदार जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल पुढे करत होता; पितळी सिंक्रोला (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ते मानवत नाही, म्हणून जीएल-४च घेतलं.

दौलताबादच्या घाटापर्यंत चक्कर मारली. मोबाइलच्या जीपीएसपेक्षा मीटर जरा जास्त दाखवतं, तेवढं चालतं. सिग्नलला इंजिन बंद पडत नाही.