दाखला हातात, नाव मात्र जुन्याच शाळेत

प्राथमिकच्या मधल्या वर्षात मुलांची शाळा बदलणार असाल तर आधीच सांगतो, शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला म्हणजे शाळा सुटली, हे दिवस गेले. शाळा कागदावर सुटते आणि यूडायस पोर्टलवर, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत सुटते, आणि या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखा कारभार चालतो.

आमची बदली झाली म्हणून मुलीला तिसरी संपवून नाशिक जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात आणलं. नव्या शाळेत चौथीचा प्रवेश, गणवेश, बस हे सगळं विनातक्रार झालं. जुलैमध्ये वर्गशिक्षिकांचा निरोप आला, "तुमची मुलगी आमच्याकडे ऑनलाइन येतच नाहीये. जुन्या शाळेला सोडायला सांगा." दाखला तर मे महिन्यातच घेतला होता, मग अजून सोडायचं काय राहिलं?

राहतं ते असं. प्रत्येक विद्यार्थ्याला यूडायसवर 11 अंकी पेन म्हणजे कायमचा शिक्षण क्रमांक असतो. वर्ष संपलं की शाळेला प्रत्येक मुलाची प्रगती भरावी लागते: पास की नाही, टक्के किती, हजेरीचे दिवस किती आणि पुढच्या वर्षी मूल कुठे. या शेवटच्या रकान्यात 'याच शाळेत शिकत आहे' आणि 'दाखला घेऊन शाळा सोडली' असे पर्याय असतात. दुसरा पर्याय निवडला तर मूल ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत जातं आणि नवी शाळा पेन व जन्मतारीख टाकून त्याला आपल्याकडे ओढून घेते. पहिला निवडला तर तुमचं मूल जुन्या शाळेच्या पुढच्या वर्गात आपोआप जाऊन बसतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. सगळ्या वर्गाला एकसारखं 'याच शाळेत' लावून कुणीतरी मोकळं झालं होतं. दाखला लिहिणारा लिपिक वेगळा, पोर्टल भरणारे शिक्षक वेगळे.

जुन्या शाळेत फोन केला की ठरलेली उत्तरं मिळतात. "पोर्टल बंद आहे." हे कधी कधी खरंही असतं, कारण नवं शैक्षणिक वर्ष उघडेपर्यंत मधले काही आठवडे काम अडतं. "सरांची बदली झाली, लॉगिन त्यांच्याकडे आहे." "नव्या शाळेला रिक्वेस्ट टाकायला सांगा." नवी शाळा म्हणते रिक्वेस्ट टाकली आहे, जुनी म्हणते दिसत नाही. पालक दोन्हीकडे फोन करत राहतो, आणि त्याला स्वतःला त्या पोर्टलवर काहीच दिसत नाही. याचा मला अजूनही राग आहे. ज्याचं मूल, त्यालाच स्क्रीन बघायची सोय नाही.

फोनाफोनीत वेळ घालवू नका. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करा. त्यात मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पेन, सरलचा (राज्य शासनाच्या विद्यार्थी नोंदीच्या वेगळ्या पोर्टलचा) 19 अंकी स्टुडंट आयडी, जनरल रजिस्टर (शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा) क्रमांक, दाखल्याचा क्रमांक व तारीख, आणि नव्या शाळेचं नाव व तिचा 11 अंकी यूडायस कोड लिहा. मागणी एकाच वाक्यात असू द्या: विद्यार्थ्याची नोंद 'दाखला घेऊन शाळा सोडली' अशी करून ड्रॉपबॉक्समध्ये टाकावी. दाखल्याची झेरॉक्स जोडा, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. नव्या शाळेकडून यूडायसवर रिलीज रिक्वेस्ट टाकून घ्या आणि तिचा स्क्रीनशॉट मागा. तो स्क्रीनशॉट जुन्या शाळेला पाठवला की "दिसत नाही" हे उत्तर बंद होतं. तरीही हललं नाही तर केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना गाठा. आमचं काम शेवटी त्यांच्या फोनने झालं, आणि प्रत्यक्ष काम दोन मिनिटांचं निघालं. सरलवरची ट्रान्सफर वेगळी असते, तीही झाली का ते त्याच वेळी विचारून घ्या. एकीकडे झालं म्हणजे दुसरीकडे होतंच असं नाही.

एवढ्यावर भागलं नाही. मुलगी नव्या शाळेच्या यादीत आली आणि आधार जुळेना. आधारवर इंग्रजीत नाव एका स्पेलिंगने, शाळेत दुसऱ्या. आपल्याकडे हे होणारच. रजिस्टरला आडनाव आधी, आधारला शेवटी. वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही. जाधवांचं आणि राऊतांचं स्पेलिंग तर घराघरात वेगळं. मूल पाच वर्षांच्या आत असताना काढलेल्या निळ्या बाल आधारवर कित्येकदा चुकीचं किंवा अर्धवट नाव पडलेलं असतं.

शाळा यासाठी एवढी मागे का लागते, हेही समजून घ्या. 30 सप्टेंबरच्या पटावर संच मान्यता होते, म्हणजे त्या शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं, आणि त्यात आधार जुळलेली मुलंच धरली जातात. कमी पटाच्या शाळेत एक-दोन नावांवर शिक्षकाचं पद जाऊ शकतं. त्यामुळे सप्टेंबरमध्ये बाईंचे मेसेज वाढले तर चिडू नका.

कुठलं नाव बदलायचं याचा निकष एकच ठेवा, जन्म दाखला. आधार चुकलं असेल तर जन्म दाखला घेऊन आधार केंद्रावर जा. नाव दोनदा बदलता येतं, जन्मतारीख एकदाच, म्हणून ऑपरेटरने टाइप केलेलं प्रत्येक अक्षर पावतीवर वाचूनच सही करा. शाळेची नोंद चुकली असेल तर काम लांबतं: नाव, जन्मतारीख, लिंग यातली दुरुस्ती वर्गशिक्षिकांच्या हातात नसते, ती गट साधन केंद्रामार्फत (शिक्षण विभागाचं तालुका पातळीवरचं केंद्र) मंजूर करून घ्यावी लागते, आणि जनरल रजिस्टरमधला बदल शिक्षण विभागाच्या परवानगीनेच होतो. हा बदल मूल त्या शाळेच्या पटावर असतानाच करून घ्या. शाळा सोडल्यावर जुन्या रजिस्टरला हात लावायला कुणी तयार होत नाही. आणि जुन्या दाखल्यावरची चूक पुढच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये जशीच्या तशी उतरते, तिथून दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते.

म्हणून दाखला घेताना काउंटरवरच उभं राहून वाचायचा. आईचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही, धर्म, जात, पोटजात, शाळा सोडल्याची तारीख, इयत्ता आणि 'केव्हापासून'. आमच्याकडे अक्षरी तारखेत महिना चुकला होता. तिथेच दुसरा दाखला लिहून घेतला. खाडाखोड केलेला दाखला घेऊ नका, पुढे कुणी विचारलं की परत फेरी. सोबत प्रगतिपुस्तक आणि संचयी नोंदपत्रकाची (वर्षावर्षाच्या प्रगतीच्या नोंदींचं पत्रक) प्रत मागा, नव्या शाळेला आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या नोंदी लागतात. राज्याबाहेर जाणार असाल तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी बहुधा मागतात. ती गाव सोडण्याआधी घ्या, तिकडून पोस्टाने होत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: दाखला उशिरा आला म्हणून मुलाला वर्गात बसू न देणं कायद्याला धरून नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 5 मध्ये आहे की मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, आणि दाखल्याच्या उशिरापायी प्रवेश लांबवता वा नाकारता येत नाही. मात्र या कलमातला बदलीचा हक्क विनाअनुदानित शाळेत जाण्यासाठी नाही, त्यामुळे खाजगी शाळेच्या काउंटरवर हे कलम दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असाल तर शांतपणे दाखवा, उपयोग होतो.

आणि मूल पाच पूर्ण करून शाळेत आलं असेल तर आधारचे बोटांचे ठसे अपडेट करायचे राहिले नाहीत ना, ते बघा. बाल आधारला ठसे घेतलेले नसतात; पाच वर्षांनंतर ते द्यावे लागतात आणि सातच्या आत केले तर पैसे लागत नाहीत. हे काम दिवाळीच्या सुट्टीनंतर करा. जून-जुलै आणि सप्टेंबरात आधार केंद्रावर निम्मी रांग शाळकरी मुलांचीच असते.