उजेड दिसला म्हणून

रविवार, रात्री साडेअकरा

लाईट येऊन दोन दिवस झाले. फ्रिज धुऊन पुसून पुन्हा लावला, दळण आणलं, नानांचं वाफेचं मशीन वेळेवर सुरू आहे. सगळं जागच्या जागी आलंय आणि मला मात्र झोप लागत नाही. कारण सांगायला गेलं तर एवढंसं. गुरुवारी सकाळी आडावर गोदामाय एक वाक्य बोलल्या, ते तिथून माझ्याबरोबर घरी आलं आणि अजून गेलेलं नाही.

"नाना बरे हायत न्हवं? रात्री उजेड दिसला म्हनून इचारलं."

बस, एवढंच. मी "हो, बरे आहेत" म्हणाले, कळशी कमरेवर घेतली आणि निघाले. अर्ध्या वाटेत कळलं की चुंबळ आडाच्या काठावरच राहिली. परत जायचा धीर झाला नाही.

तर आधी त्या मंगळवारचं लिहायला हवं.

सोमवारी सांजेला वादळ आलं. वैशाखातलं अवकाळी, दरवर्षी येतं तसं, पण हे वेगळं होतं. पत्रे उडाले, चिंचेची फांदी शाळेवर पडली, झाडांना लागलेल्या कैऱ्यांचा रस्त्यावर सडा. सबस्टेशनला येणाऱ्या मोठ्या लाइनीचे खांब शेतात आडवे झाले म्हणे, म्हणजे एका डीपीचा प्रश्न नव्हता. रात्री गच्चीवर जाऊन पाहिलं तर चारी दिशांना एक ठिपका नाही. आभाळ स्वच्छ असलं की आमच्या गच्चीवरून परळी थर्मलची धुराडी दिसतात. त्या बाजूलाही काळोख. लहानपणी किल्लारीच्या भूकंपानंतर कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो, तेव्हाचा अंधार आठवला. पण ते आता नको.

मंगळवारी दुपारपर्यंत नळ बंद, बोअर बंद, गिरणी बंद. हापशावर भांडणं. पूर्वी निदान चिमणी, कंदील तरी असायचे; आता रॉकेलच दिसत नाही तर कंदील कोण सांभाळून ठेवणार? देवापुढच्या समईत तेल घालून तिच्या उजेडात स्वयंपाक केला. पाण्याचं मात्र आमच्या गल्लीत निभावलं, कारण गोदामायच्या परसात आड आहे. सात पुरुष खोल, आणि वैशाखातही त्याला कंबरभर पाणी असतं. सगळ्यांनी बोअर घेतले तेव्हा मुलानं तो बुजवायचा म्हटलं होतं, त्यांनी बुजवू दिला नाही. वादळाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी माळ्यावरून दोर काढला, पोहरा घासला आणि परसाचं दार उघडं टाकलं. कोण किती कळशा नेतंय ते त्या बघतही नव्हत्या. मी सकाळी चार नेल्या, संध्याकाळी तीन.

आणि त्याच मंगळवारी, तिन्हीसांजेला, त्या आमच्या दारात आल्या. हातात तो छोटा बटणांचा फोन. "बाई, जरा तुमच्या त्या डब्याला लावतीस का? बाळूला सांगायचंय. काल बोलता बोलता बंद पडला."

मी म्हणाले, "माय, आमचीही बॅटरी उतरली हो."

उतरली नव्हती. आतल्या खोलीत इन्व्हर्टरवर चार दांड्या होत्या. मी मागचा-पुढचा विचार न करता बोलले, असं म्हणायलाही जागा नाही. त्या फाटकातून येताना दिसल्या तेव्हाच मी मनात वाक्य जुळवलं होतं.

त्या "बरं बरं" म्हणाल्या आणि गेल्या. त्याच रात्री मोबाइलचा टॉवर बंद पडला.

मी हे नानांसाठी केलं, असं गेले चार दिवस स्वतःला सांगतेय. ते खोटंही नाही. नानांचा दमा, रात्री कधी उसळेल सांगता येत नाही, आणि मशीन विजेवर चालतं. लाईट कधी येणार ते कोणी सांगत नव्हतं. वायरमनचा फोन बंद. तो बिचारा रानात खांब उभे करत होता, नंतर कळलं. अशा वेळी बॅटरी जपायची नाही तर काय करायचं? आणि मला कोणी विचारलं? ह्यांनी संभाजीनगरहून सोमवारी रात्री फोन केला तर पहिलं वाक्य, "इन्व्हर्टर आहे ना, मग काय!" मग काय. चार रात्री नानांच्या छातीची घरघर ऐकत मी एकटी बसले होते, पुठ्ठ्यानं वारा घालत. गल्लीला वाटतं, यांच्याकडे बॅटरी आहे, यांना कशाची काळजी? बॅटरी असलेल्या घरातल्या बाईला भीती वाटत नाही का? मीही कोणाच्या तरी दारात जाऊन म्हणाले असते, जरा बसता का माझ्याजवळ. पण...

असो.

बुधवारी रात्री दोनला नानांना जास्त झालं. दिवा लावला, मशीन लावलं. पंधरा मिनिटांत श्वास खाली बसला, पण झोप उडाली. मी पंखाही सुरू केला, खिडकी उघडी होती. तोच तो उजेड. गल्लीत दुसरा दिवा नसताना एक खिडकी उजळली तर ती शेताच्या टोकावरूनही दिसेल. आणि गोदामाय पत्रे उडालेल्या खोलीत उघड्यावर निजलेल्या.

श्वास बसल्यावर नाना बोलायला लागले. थर्मलमध्ये तेहतीस-चौतीस वर्षं काढलेला माणूस, विजेचा विषय निघाला की आजार विसरतो. भारनियमनाच्या काळात लोक त्यांना तोंडावर म्हणायचे, थर्मल तुमच्या दाराशी आणि बारा-बारा तास अंधार आमच्या घरी! ते त्यांच्या मनाला फार लागायचं. मग ते समजावत बसायचे, वीज परळीची नसते, सगळ्या जाळ्याची असते. त्या रात्री पुन्हा सगळं सांगितलं. वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही, लागेल त्या क्षणी तेवढीच तयार व्हावी लागते. सगळ्या जाळ्याचा ठोका, म्हणजे विजेची वारंवारता, एकच, सेकंदाला ५० आवर्तनं. मागणी वाढली आणि निर्मिती पुरली नाही की ठोका खाली येतो. फार खाली आला तर एकामागून एक संच स्वतःला वाचवायला बाहेर पडतात आणि सगळंच बसतं. ३० जुलै २०१२ ला उत्तरेचं जाळं बसलं, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही. ६० कोटींहून जास्त लोक अंधारात. रेल्वेगाड्या रुळांवर उभ्या, खाणीत कामगार अडकलेले. चौकशीत बऱ्याच गोष्टी निघाल्या, त्यात एक ही, की काही राज्यं आपल्या वाट्याहून जास्त ओढत होती. "आपलं पश्चिमेचं तगलं," नाना म्हणाले. ते निवृत्त झाले होते तेव्हा, तरी दिवसभर टीव्हीसमोरून उठले नव्हते.

मी विचारलं, "मग असं बसू नये म्हणून काय करतात?"

"तोडतात. काही भाग मुद्दाम अंधारात टाकायचा, म्हणजे उरलेलं वाचतं. आपोआप तोडणारी यंत्रं असतात."

मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे मी केलं ते बरोबरच की. एक तोडायचं, एक वाचवायचं. तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "पण ठोका खरंच खाली आला असेल तरच हं. उगाच भीतीनं कोणी तोडत नाही."

ते विजेबद्दलच बोलत होते. मंगळवारी फाटकात कोण आलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं.

आणि सकाळी आडावर ते वाक्य. उजेड दिसला म्हणून विचारलं.

किती वेळा उलटून पाहिलं मी ते. टोमणा होता का? गावाकडच्या बायका टोमणा मारतात तेव्हा आवाज जरा लांबवतात, शेवटचा शब्द खाली टाकतात. त्यांनी तसं काही केलं नव्हतं. पोहरा वर ओढत होत्या, दम लागलेला, मान माझ्याकडे नव्हती. मग खरीच काळजी? रात्री दोनला दम्याच्या माणसाच्या घरात दिवा लागला, म्हणजे काही झालं असेल, एवढाच त्याचा अर्थ असेल तर ते जास्त अवघड आहे. टोमण्याला मी उत्तर देऊ शकले असते. भांडलेही असते.

काल दुपारी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी. कागदावर १,८०० वॅट-तास. ती पार कोरडी करायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो, म्हणून नानांच्या म्हणण्याप्रमाणे हाती १,२०० धरायचे. छताचा पंखा ७५ वॅटचा. गोदामायचा तो छोटा फोन पूर्ण भरायला पाच-सहा वॅट-तास. म्हणजे पंख्याची पाच मिनिटं. मी तीन वेळा करून पाहिलं. पाचच मिनिटं येतात. बुधवारी रात्री नानांशी गप्पा मारताना वर पंखा तासभर फिरत होता.

शुक्रवारी सांजेला लाईट आली, गल्लीतली पोरं ओरडत सुटली, तेव्हा मी सगळ्यात आधी आतल्या खोलीत जाऊन पाहिलं. दोन दांड्या शिल्लक होत्या. त्याऐवजी एकही नसती तर मला किती बरं वाटलं असतं.

बाळूचं तर मी लिहिलंच नाही. सोमवारी रात्री "पत्रं उडाली रे..." एवढंच त्यानं ऐकलं होतं, मग फोन बंद. बुधवारी दिवसभर लागत नाही म्हटल्यावर तो गुरुवारी चाकणहून मोटारसायकलवर निघाला, घर पडलं असेल म्हणून. रात्री अकराला पोचला. आईला धडधाकट पाहून ओट्यावर मटकन बसला. कंपनीत दोन खाडे पडले. मांडववाल्याच्या जनरेटरवर दहा रुपयांत फोन भरून मिळायला लागला तोवर टॉवरच नव्हता. आणि गोदामायकडं त्याचा नंबर त्या फोनातच, दुसरीकडं कुठं लिहिलेला नाही.

नानांचं आणखी एक डोक्यात बसलंय. थर्मलचा संच पूर्ण बंद पडला तर स्वतःच्या बळावर पुन्हा सुरू होत नाही. कोळसा दळायला, पाणी चढवायला, भट्टीत हवा ढकलायला आधी बाहेरून वीज लागते. सगळं जाळं बसलं तर पहिल्यांदा कोयनेसारखं पाण्यावरचं केंद्र उठवतात आणि तिथली वीज थर्मलला पोचवतात. "एवढं मोठं धूड, पण उसनवारीशिवाय उठत नाही," असं ते म्हणाले. आणि पाणी नसलं तर काहीच नाही. २०१५ च्या दुष्काळात परळीचं अख्खं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखे ते गप्प झाले होते.

मी सात कळशा नेल्या एका दिवसात. चार दिवसांच्या किती झाल्या ते मोजत नाही.

खूप रडून झालंय माझं. आता एवढंच दिसतंय की मी घाबरले होते आणि घाबरलेलं माणूस हाताशी असेल ते मुठीत धरतं. मी काही वाईट बाई नाही. पण ते वाक्य मी बोलले, आणि ते माझंच आहे. उद्या सकाळी जाऊन सांगायचं. चुंबळही आणायची आहे.

सोमवार, दुपार

गेले होते. नळाला पाणी आलंय, तरी कळशी घेऊनच गेले, रिकाम्या हातानं जाववेना. चुंबळ त्यांनी झटकून दांडीवर टांगून ठेवली होती.

म्हणाले, "माय, त्या दिवशी आमची बॅटरी उतरली नव्हती."

त्या दोर गुंडाळत होत्या. "व्हय," म्हणाल्या. "त्याचा गुर्र आवाज आमच्या न्हाणीत येतोय की. तवाच कळलं मला."

मला वाटलं आता पाय तिथंच रुततात. त्यांनी दोराचं वेटोळं खुंटीला लावलं.

"घरात दम्याचं मानूस. मीबी बॅटरी जपली असती, लेकी." मग थोडं थांबून, माझ्याकडं सरळ बघत, "पन फोन लावू दिला असता."

"हो माय."

"आन ती कळशी. नळाचं पानी गढूळ यायलंय."

कळशी भरून दिली. मी निघाले तर मागून हाक आली. घरात गेल्या, तो फोन घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला. बाळूचा नंबर भिंतीवर लिहून दे म्हणाल्या, अंधारातबी दिसंल असा, मोठा. कोळशानं लिहू का विचारलं तर नको, पुसंल. म्हणून घरी येऊन फाटकाच्या रंगाचा उरलेला डबा आणि ब्रश नेला. चुलीच्या वरच्या भिंतीवर, पिवळ्या चुन्यावर हिरव्या ऑइलपेंटनं दहा आकडे काढले, वीतभर उंचीचे. त्या शेजारी उभ्या राहून एकेक आकडा झाला की मान हलवत होत्या. एक आठ जरा वाकडा आला. त्यांनी बोट दाखवलं, मी तो पुन्हा गिरवला.