पुण्याहून नागपूर किती लांब?

नात नागपूरला, आम्ही कोथरूडला. परवा फोनवर तिनं विचारलं, "आबा, तू नक्की किती लांब आहेस?" जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला असं विचारू नये. मी वही काढली.

लोहगाव विमानतळ १८.६ अक्षांशावर, नागपूरचा २१.१ वर. म्हणजे उत्तरेला अडीच अंश. अंशाला १११ किलोमीटर धरले की पावणेतीनशेच्या वर. पूर्वेला पाच अंश आणि थोडं. पण उत्तरेकडे जाताना रेखांश एकमेकांजवळ सरकतात, म्हणून तिथे अंशाला १०५च धरायचे. ते ५३७ झाले. पायथागोरस लावला, उत्तर ६०५. पृथ्वी गोल आहे हे मान्य, पण एवढ्याशा अंतरात पायथागोरस तोंडघशी पाडत नाही.

"सहाशे पाच किलोमीटर."

"म्हणजे जास्त का कमी?"

आता आली का पंचाईत! दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला करत जाणाऱ्या आगगाडीला हेच ८९० च्या घरात पडतं. विमानानं ताशी ८०० चा वेग धरला तर पाऊण तासात पोचायला हवं, पण तिकिटावर सव्वा ते दीड तास लिहिलेले असतात. वर चढताना नि खाली येताना तो वेग नसतो, शिवाय धावपट्टीपर्यंत रांगत जाणंही त्यातच धरलेलं. थंडीत वर पश्चिमेचे वारे असतात, त्यामुळे जाताना चार मिनिटं वाचतात आणि येताना व्याजासकट परत द्यावी लागतात.

हे झालं विमानाचं. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं गेलो तेव्हा मी घड्याळ लावूनच निघालो होतो. वनाजपर्यंत रिक्षा, तिथून मेट्रोनं रामवाडी, पुन्हा रिक्षा (मीटरवर यायला तो तयार नव्हता, हे सांगायलाच नको), मग रांगा, मग नुसतं बसणं. सातला कुलूप लावलं, लेकीच्या दारात सव्वाला. सहा तास पंधरा मिनिटं! ६०५ भागिले सव्वासहा, ताशी जेमतेम सत्त्याण्णव. हिला सांगितलं तर बाकरवडीचे पुडे पिशवीतून काढत म्हणाली, "एवढ्यावर तर जावई गाडी हाणतात."

नातीला यातलं काय सांगणार? शेवटी सूर्याला मधे घातलं. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं, आपल्यात पाच अंश. म्हणजे तुझ्याकडे उगवलेला सूर्य माझ्याकडे यायला वीसेक मिनिटं लागतात. (उन्हाळ्यात थोडी जास्त, पण तो धडा पुढच्या इयत्तेत.) हे तिला एकदम पटलं. तेव्हापासून शाळेत जायच्या आधी फोन असतो, "आबा, माझ्याकडून निघाला बघ."

काल इथे सकाळपासून ढग होते. तसं म्हणालो तर विचारते कशी, "लेट आहे का आज?"