तुम्ही विचारलंत म्हणून: वेगळी मंडळी कशाला?

मी टोरोंटोच्या मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चला जाते हे कळलं की आपली मराठी ख्रिस्ती माणसं हमखास विचारतात, “देऊळ सगळ्यांचंच असतं ना? मग समलिंगी माणसांना वेगळी मंडळी, म्हणजे वेगळं चर्च, कशाला हवं?”

वेगळं निघायची हौस कोणालाच नव्हती. ट्रॉय पेरी हे पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती पंथाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते. ते समलिंगी आहेत म्हणून त्यांना सेवेतून काढलं. पुढे खचून त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला, त्यातून वाचले, आणि ६ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या हंटिंग्टन पार्कमध्ये स्वतःच्या घरी उपासना घेतली. बारा जण आले. तिथूनच ही मंडळी सुरू झाली; टोरोंटोची आमची तिचीच शाखा.

आमच्याकडे प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, सभासदत्व लागत नाही. मी आणि माझी जोडीदार, आम्ही दोघी बरोबरच पुढे जातो. द्राक्षरसात बुडवलेली भाकर मिळते, मग देणारा दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून आमच्यासाठी प्रार्थना करतो. ज्यांना हे जन्मभर न मागता मिळालं, त्यांना त्याचं मोल कसं सांगू?

साधं मरणही घ्या. २४ जून १९७३ ला न्यू ऑर्लिन्समधल्या ‘अपस्टेअर्स लाउंज’ या समलिंगी लोकांच्या बारला आग लागली, ३२ माणसं गेली. तिथल्या आमच्या मंडळीचे कितीतरी लोक त्यांत होते; पाळक बिल लार्सन खिडकीच्या गजांत अडकून गेले. शोकसभेला जागा द्यायला एकामागून एक चर्चनं नकार दिला. शेवटी सेंट मार्क्स मेथडिस्ट चर्चनं दार उघडलं. सभा संपताना कळलं, बाहेर कॅमेरे आहेत. चेहरा दिसला तर नोकरी जायची, म्हणून मागच्या दारानं जायची सोय केली होती. सांगतात, तिकडून एकही जण गेला नाही. हे मी जेव्हा जेव्हा सांगते, तेव्हा गळा भरून येतो.

आणि लग्न. आपल्यात लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारतात ना, ऑन्टारियोच्या कायद्यात त्या जुन्या रीतीला मान्यता होती. आमचे तेव्हाचे पाळक ब्रेंट हॉक्स यांनी तशीच नावं पुकारली आणि १४ जानेवारी २००१ ला दोन जोडप्यांची लग्नं लावली. जिवाला धोका होता, म्हणून झग्याखाली बुलेटप्रूफ जाकीट घालून! सरकारनं नोंद नाकारली. जून २००३ मध्ये कोर्टानं ती करायला लावली.

तुमच्या मंडळीत ही भाकर, ही माती आणि ही पुकार आम्हाला मिळणार असेल, तर सांगा. आम्ही दोघी येऊ.